ही देवीच कशावरून? बाबिलोनचे मातीचे फलक वाचताना



इतिहासाच्या पुस्तकात मातीच्या जुन्या स्त्रीमूर्तीचं चित्र आलं की त्याखाली बहुधा एकच शब्द असतो : ‘मातृदेवता’. मुलं तो शब्द वहीत उतरवतात, पान उलटतं आणि धडा पुढे सरकतो. क्वचित एखादी मुलगी हात वर करून विचारते, "बाई, ही देवीच कशावरून? साधी बाई का नसेल?" वर्गात विचारल्या जाणाऱ्या सगळ्यात चांगल्या प्रश्नांपैकी हा एक आहे. तो ‘पुस्तकात दिलंय म्हणून’ एवढ्यावर मिटवला तर मुलं इतिहास पाठ करतील, पण पुरावा कसा वाचायचा ते शिकणार नाहीत.

या प्रश्नाचा सराव करायला प्राचीन बाबिलोनइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तिथल्या लोकांनी मातीवर चित्रं उमटवली, आणि त्याच मातीच्या पाट्यांवर देवींची नावं, स्तोत्रं, कथाही लिहून ठेवल्या. चित्र आणि लेख दोन्ही हाताशी असल्यामुळे कुठे खात्रीने बोलायचं आणि कुठे थांबायचं हे तिथे नीट दिसतं. आपल्या हडप्पा संस्कृतीच्या बाबतीत लिपी अजून वाचता आलेली नाही, म्हणून तिथे हा सराव फार अवघड जातो.

माती का?

बाबिलोन म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. बाबिलोन शहराचे अवशेष बगदादच्या दक्षिणेला सुमारे ८५ किलोमीटरवर आहेत. टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाचा हा सपाट प्रदेश. खणाल तिथे चिकणमाती, पण दगड नाही, चांगलं इमारती लाकूड नाही, धातूच्या खाणी नाहीत. हे सगळं दूरवरून आणावं लागे. त्यामुळे घर मातीच्या विटांचं, भांडी मातीची, लिहायची पाटी मातीची, हिशेब मातीवर आणि पत्रं मातीच्या पाकिटात घालून पाठवलेली! त्याआधीच्या काळात तर पीक कापायचे विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे करत.

देवळातल्या मुख्य मूर्ती मात्र मातीच्या नसत. लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा, मौल्यवान खडे, अंगावर खरी वस्त्रं असा त्यांचा थाट असे. त्या मूर्तींचं वर्णन लेखांतून मिळतं, पण मूर्ती एकही उरलेली नाही. लाकूड कुजलं आणि सोनं लुटलं गेलं. मातीच्या फलकाचा तुकडा कोण लुटणार? तो वितळवून काही मिळत नाही, फोडून काही बनत नाही. तो फेकला जातो आणि चार हजार वर्षं मातीत पडून राहतो. म्हणूनच राजाच्या देवळातली सोन्याची देवी आपल्याला दिसत नाही, पण गल्लीतल्या सामान्य घरातली चार-पाच इंचांची देवी दिसते. मला यात इतिहासाचा एक मिस्कीलपणा वाटतो.

साचा आणि अंगठा

आपण ज्या फलकांबद्दल बोलतोय ते मुख्यतः ‘जुन्या बाबिलोनी’ काळातले, म्हणजे सुमारे इ.स.पू. २००० ते १६०० मधले. कायद्यांसाठी प्रसिद्ध असलेला राजा हम्मुराबी याच काळातला. त्याची कारकीर्द साधारण इ.स.पू. १७९२ ते १७५० अशी मानतात. फलक म्हणजे भाजलेल्या मातीची छोटी, सपाट, आयताकृती पट्टी. पुढच्या बाजूला उठावाचं चित्र आणि मागची बाजू कोरी. बहुतेक फलक दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच, म्हणजे हातात सहज मावतील एवढे.

ते करायची पद्धत मुलांना लगेच कळेल, कारण गणपतीच्या कारखान्यात साचा पाहिलेली मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. फरक इतकाच, की इथे साचा एकाच बाजूचा. कारागीर आधी मूळ चित्र तयार करी, त्यावर मऊ माती दाबून उलटा ठसा घेई आणि तो भाजून पक्का करी. हा झाला साचा. मग त्यात मळलेल्या मातीचा गोळा दाबायचा, मागून अंगठ्याने सारखा करायचा आणि थोडा वेळ वाळू द्यायचा. माती वाळताना आकसते, त्यामुळे फलक आपोआप साच्यापासून सुटतो. मग भट्टीत भाजायचा आणि वर रंग द्यायचा. आज बहुतेकांचा रंग उडालाय, पण काहींवर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगाचे अंश शिल्लक आहेत.

काही फलकांच्या मागच्या बाजूला दाबणाऱ्याच्या बोटांचे ठसे राहिलेले असतात. मुलांना हे नक्की सांगा. राजांची नावं त्यांना आठवणार नाहीत, पण चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी अंगठा दाबला होता हे आठवेल.

साच्याची पद्धत म्हणजे एकाच चित्राच्या अनेक प्रती. एखादा फलक स्पष्ट आणि दुसरा पुसट दिसतो तो कारागीर वाईट होता म्हणून नव्हे. साचा झिजलेला असतो. कधी तयार फलकावरूनच नवा साचा काढत, आणि मग मातीच्या आकसण्यामुळे पुढची प्रत थोडी लहान होई. दगडात एकदा कोरलेली एक मूर्ती आणि साच्यातून निघालेले अनेक फलक यांचा ग्राहक एक नसतो. स्वस्त, पुन्हा पुन्हा करता येणारी, घरी नेता येणारी प्रतिमा ही बाबिलोनच्या सामान्य माणसाची प्रतिमा होती.

हे आपण अंदाजाने म्हणत नाही. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर इथे उत्खनन केलं. त्यात या काळातल्या अरुंद गल्ल्या, दाटीवाटीची घरं आणि गल्लीच्या कोपऱ्यावरची छोटी देवळं उघडी पडली. उर, निप्पूर, लार्सा, एश्नुन्ना, किश अशा अनेक गावांतून हे फलक मिळाले, आणि ते देवळांतून मिळाले तसे घरांतून, रस्त्यांवरून, कचऱ्याच्या ढिगांतूनही मिळाले. बरेचसे मोडलेले. काम झालं किंवा तुटलं की ती वस्तू टाकून देत असावेत.

आणि सगळेच फलक देवांचे नव्हते बरं का. तंतुवाद्य वाजवणारा माणूस आहे, मुष्टियुद्ध करणारे दोघे आहेत, लाकूड तासणारा सुतार आहे, पिल्लांना पाजणारी कुत्री आहे, माकडं आहेत. ज्या साच्यांतून देवी निघत त्याच प्रकारच्या साच्यांतून सुतारही निघत असे. म्हणून फलकावर स्त्री दिसली की लगेच ‘देवी’ म्हणता येत नाही. मग ओळखायचं कसं?

शिंगं बघा

पहिली खूण डोक्यावर. मेसोपोटेमियाच्या कलेत देव किंवा देवी दाखवायची असेल तर तिच्या मुकुटाला बैलासारखी शिंगं असतात. शिंगांच्या जोड्या एकावर एक रचलेल्या असतील तर त्या देवतेचा मान मोठा. राजालाही सहसा हा मुकुट मिळत नाही. अपवाद आहे तो अक्कडचा राजा नराम-सिन : त्याने स्वतःला देव म्हणवून घेतलं आणि दगडी शिल्पात शिंगांचं शिरस्त्राण घातलं. ही खूण इतकी पक्की आहे की सहावीतलं मूलही दोन मिनिटांत शिकतं. चित्र दाखवा आणि विचारा, "शिंगं आहेत का?" वर्गात एकदम शांतता होते आणि सगळे चित्राकडे बघायला लागतात.

दुसरी खूण वस्त्राची. देवी बहुधा पायघोळ, थराथरांच्या झालरींचा झगा घालते. तिसरी सोबतच्या प्राण्याची आणि चिन्हाची. सिंह आणि आठ टोकांची चांदणी दिसली की इश्तार. ही चांदणी म्हणजे शुक्राचा तारा. कुत्रा दिसला तर रोग बरे करणारी देवी गुला हिचा विचार करायचा. तिच्या इसिन या गावातल्या देवळाजवळ उत्खननात तीसहून अधिक कुत्र्यांची दफनं सापडली आहेत, म्हणजे कुत्र्याचं आणि तिचं नातं केवळ चित्रापुरतं नव्हतं. चौथी खूण हातांची. हात काय करतायत ते बघायचं.

हातांवरून सगळ्यात सोपी ओळखता येते ती लामा. (तिबेटच्या लामांशी हिचा काही संबंध नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका.) लामा दोन्ही हात चेहऱ्यासमोर वर उचलून उभी असते. डोक्यावर शिंगांचा मुकुट, अंगात झालरींचा झगा. मोठ्या देवांच्या तुलनेत ही लहान देवी, पण माणसाच्या फार जवळची. तिचं काम मध्यस्थीचं. सामान्य माणसाने मोठ्या देवापुढे एकदम जाऊन उभं राहायचं म्हणजे राजदरबारात ओळखीशिवाय शिरण्यासारखं. म्हणून लामा त्याच्या वतीने हात उचलून विनंती करते. आपल्या भाषेत सांगायचं तर ती भक्ताचा वशिला! दगडी मुद्रांवर हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो : आसनावर देव, समोर भक्त आणि भक्तासोबत लामा. मातीच्या फलकांवर मात्र ती बऱ्याचदा एकटीच असते. देव नाही, भक्त नाही, फक्त हात उचललेली लामा. मग ती कोणासाठी विनंती करतेय? ज्याच्या घरात तो फलक असेल त्याच्यासाठी, असं मानणं वाजवी आहे. मला स्वतःला बाबिलोनच्या सगळ्या देवींमध्ये हीच आवडते. तिच्या नावावर मोठ्या कथा नाहीत, पराक्रम नाहीत, तरी घरातल्या भिंतीवर हवीशी वाटली ती हीच.

इश्तार याच्या अगदी उलट. सुमेरी लोक तिला इनान्ना म्हणत. प्रेमाची देवी तीच आणि युद्धाची देवीही तीच. फलकांवर ती शस्त्रांसह येते. खांद्यांमागून गदा आणि बाण बाहेर डोकावतात, कधी पाय सिंहावर रोवलेला. एश्नुन्नाचा असा शस्त्रधारी इश्तारचा एक फलक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लार्साहून आलेलं मातीचं एक उभट भांडंही तिथेच आहे. त्यावर पंख असलेली इश्तार उठावात आहे आणि बाजूला पक्षी, मासे, कासव अशी चित्रं रेखलेली आहेत. तिचं महत्त्व किती, तर अक्कडी भाषेत ‘इश्तारु’ हा शब्द पुढे ‘कोणतीही देवी’ या अर्थाने सामान्य नाम म्हणून वापरला जाऊ लागला. व्याकरण शिकवणाऱ्यांना विशेषनामाचं सामान्यनाम होण्याचं हे छान उदाहरण.

शिंगं नसतील तर?

आता अवघड भाग. जुन्या बाबिलोनी फलकांमध्ये एक प्रकार खूप मोठ्या संख्येने मिळतो : समोर तोंड करून उभी असलेली विवस्त्र स्त्री. केसांची नीट रचना, गळ्यात हार, हात छातीखाली जोडलेले किंवा स्तनांना आधार दिलेले. डोक्यावर शिंगांचा मुकुट बहुधा नसतो. जुन्या अभ्यासकांनी हिला सरसकट इश्तार किंवा मातृदेवता म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी साधा आक्षेप घेतला : हेच कारागीर लामाला शिंगं देतात, इश्तारला शिंगं देतात, मग ही देवी असेल तर हिला का देत नाहीत? विसर पडला असं म्हणावं तर ते शेकडो साच्यांत कसं पडेल?

त्यामुळे आज बरेच जण हिच्याबद्दल जपून बोलतात. घरात सुख, संतती, आकर्षण, भरभराट असावी, वाईट नजर लागू नये म्हणून ठेवलेली शुभ प्रतिमा असं एक मत आहे. देवीशी जोडलेली, पण स्वतः देवी नसलेली प्रतिमा असंही म्हणतात. वर्गात मी तरी ‘स्त्रीप्रतिमा’ एवढाच शब्द वापरते आणि फळ्यावर त्यापुढे प्रश्नचिन्ह काढते. मुलांना प्रश्नचिन्ह चालतं, बऱ्याचदा आपल्यालाच चालत नाही.

विवस्त्र मूर्ती वर्गात दाखवायची का, असं काही पालक आणि काही शिक्षकही विचारतात. माझं मत सरळ आहे. प्राथमिकच्या मुलांसाठी लामा आणि सिंह पुरेसे आहेत. आठवीच्या पुढे मात्र चित्र लपवू नये. आपण ते जितक्या सहजपणे दाखवू तितक्या सहजपणे मुलं बघतात. शरीराकडे बघायची प्रत्येक काळाची दृष्टी वेगळी होती, एवढं एक वाक्य आधी सांगितलं तरी हसू-खिदळू बरंच कमी होतं.

आपल्याकडेही हाच पेच आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरात मातीच्या डबीत ठेवलेली, डोकं नसलेली स्त्रीमूर्ती मिळाली आणि सोबत मातीचा बैल. तिला देवी म्हणण्यामागे निव्वळ स्त्रीरूप हे कारण नाही. ती मुद्दाम डबीत घालून, घराच्या जमिनीखाली ठेवलेली होती. म्हणजे वस्तू कुठे आणि कशी मिळाली ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मातीची माणसं

बगदादच्या संग्रहालयातला एक फलक या सगळ्यांत वेगळा आहे. मध्ये एक स्त्री बाळाला पाजतेय. तिच्या दोन्ही खांद्यांवरून बाळांची डोकी डोकावतायत. आणि खाली दोन बाजूंना दोन हाडकुळ्या, उकिडव्या बसलेल्या आकृती. काही अभ्यासकांच्या मते ही जन्म देणारी देवी निन्तू, आणि त्या हाडकुळ्या आकृती म्हणजे जन्माआधीच गेलेली बाळं. हा अर्थ बरोबर असेल तर हा फलक फार हळवा आहे. बाळंतपणात आई आणि मूल दोघांचाही भरवसा नसलेल्या काळात, जगलेली आणि न जगलेली अशी दोन्ही बाळं एकाच देवीजवळ दाखवली आहेत.

याच देवीची एक कथा बाबिलोनी लोकांनी लिहून ठेवली आहे. ‘अत्राहासिस’ नावाच्या काव्यात ती येते. त्याची महत्त्वाची प्रत राजा अम्मी-सदुका याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. सतराव्या शतकात, लेखकाने मातीच्या पाट्यांवर उतरवली. कथा अशी : सुरुवातीला कालवे खणायची कामं लहान देवच करत असत. काम करून ते इतके थकले की त्यांनी अवजारं जाळली आणि मोठ्या देवाच्या दाराला वेढा घातला. जगातला पहिला संपच म्हणा ना! मग तोडगा निघाला की राबायला माणूस निर्माण करायचा. एका देवाला मारून त्याचं मांस आणि रक्त चिकणमातीत कालवलं. सगळे देव त्या मातीवर थुंकले. जन्मदात्या देवीने मातीचे चौदा गोळे तोडले, सात उजवीकडे आणि सात डावीकडे ठेवले, मध्ये एक वीट ठेवली. त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया जन्माला आल्या.

आता ही कथा आणि साच्यात माती दाबणारा कारागीर शेजारी ठेवून बघा. माती कालवायची, तिचा गोळा तोडायचा, आकार द्यायचा. त्यांच्या कथेत देवीने माणूस मातीतून केला आणि त्यांच्या गल्लीत माणूस देवी मातीतून करत होता. गिलगमेशच्या कथेतही अरुरू ही देवी चिमूटभर माती तोडून रानात टाकते आणि त्यातून एन्किडू तयार होतो. माती हे बाबिलोनमध्ये हलकं, गरिबाचं साहित्य होतं हे खरं, पण ती निर्जीव किंवा तुच्छ मानली जात होती असं या कथा वाचून वाटत नाही.

रात्रीची राणी

या विषयावरचा सगळ्यात प्रसिद्ध फलक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याला ‘क्वीन ऑफ द नाइट’ म्हणतात, म्हणजे रात्रीची राणी. (रातराणी म्हटलं तर आपल्याला झाडच आठवेल.) आधी तो ‘बर्नी फलक’ म्हणून ओळखला जाई, कारण १९३०च्या दशकात तो सिडनी बर्नी या लंडनच्या पुराणवस्तू विक्रेत्याकडे होता. १९३६ मध्ये त्याचं छायाचित्र छापून आलं. २००३ मध्ये, संग्रहालयाच्या अडीचशेव्या वर्षी, ब्रिटिश म्युझियमने तो पंधरा लाख पौंडांना घेतला.

हा हातात मावणारा फलक नाही. उंची ४९.५ सेंटिमीटर, रुंदी ३७ सेंटिमीटर. मातीत भुसा मिसळलेला, आणि मधली आकृती इतक्या उठावाची की मूर्तीच वाटावी. काळ इ.स.पू. एकोणीसावं-अठरावं शतक, म्हणजे हम्मुराबीच्या आगेमागे. समोर तोंड करून उभी असलेली विवस्त्र देवी. डोक्यावर शिंगांच्या अनेक जोड्यांचा मुकुट, म्हणजे देवी आहे यात शंका नाही आणि तीही मोठ्या मानाची. दोन्ही हात वर, प्रत्येक हातात दंड आणि कडं. खांद्यांपासून पंख खाली झुकलेले. पाय पोटऱ्यांपर्यंत माणसाचे आणि खाली शिकारी पक्ष्याचे पंजे. त्या पंज्यांखाली पाठीला पाठ लावून बसलेले दोन सिंह आणि दोन्ही बाजूंना एकेक घुबड. सगळ्यात खाली खवल्यांसारखी नक्षी. मेसोपोटेमियाच्या कलेत ती डोंगर दाखवते. रंगाच्या अंशांवरून कळतं की देवीचं अंग लाल होतं आणि मागची पार्श्वभूमी काळी.

आता आपल्या खुणा लावून बघू. सिंह आहेत, म्हणजे इश्तार? दंड आणि कडं हे देवांच्या अधिकाराचं चिन्ह. हम्मुराबीच्या कायद्याच्या शिळेवर सूर्यदेव शमाश हीच वस्तू हातात धरून राजासमोर बसलाय. मारी इथल्या राजवाड्याच्या भिंतीवरच्या चित्रात तीच वस्तू इश्तार राजाला देतेय आणि तिचा पाय सिंहावर आहे. इश्तारच्या बाजूने पुरावा बराच भक्कम आहे.

पण पंख खाली का झुकलेत? पक्ष्याचे पंजे कशाला? घुबडं तर तिथल्या कलेत जवळजवळ दिसतच नाहीत, आणि पार्श्वभूमी काळी का? यावरून काही अभ्यासक म्हणतात की ही इश्तारची बहीण, पाताळाची राणी एरेश्किगल. एका सुमेरी काव्यात इनान्ना पाताळात उतरते तेव्हा सात दारांवर तिचा एकेक अलंकार आणि वस्त्र काढून घेतलं जातं, आणि बहिणीसमोर ती विवस्त्र पोचते. पाताळातले रहिवासी पक्ष्यांसारखी पिसं पांघरतात असंही तिथल्या कथांत येतं. तिसरं मत जुनं आहे : ही लिलिथ, रात्री हिंडणारी हडळ. हे नाव लोकांना फार आवडलं आणि अजून आंतरजालावर तेच फिरतं. मला ते सगळ्यात कच्चं वाटतं. हडळीच्या डोक्यावर मोठ्या देवाचा मुकुट आणि हातात देवांचा अधिकार कोण देईल?

लूव्रमध्ये एक छोटा साच्यातला फलक आहे. त्यावरही अशीच पंखवाली, पक्ष्याच्या पंज्यांची विवस्त्र देवी आहे, पण ती सिंहांवर उभी नसून दोन रानबोकडांवर उभी आहे. म्हणजे हे रूप एकाच कलावंताच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, लोकांना ते ओळखीचं होतं. घराघरांत छोट्या फलकांवर असलेली देवी या मोठ्या फलकावर अधिक मानाने आली असावी.

आता इनामगावचा मुद्दा आठवा. उरच्या गल्लीत सापडलेल्या बोटभर तुकड्याबद्दल आपण बरंच बोलू शकतो, कारण तो कोणत्या घरात, कोणत्या थरात होता हे नोंदलेलं आहे. पंधरा लाख पौंडांच्या राणीबद्दल ही एवढी नोंदही नाही, कारण ती विक्रेत्याच्या दुकानातून आली. ती देवळात होती की घरात? भिंतीत बसवलेली होती का? शेजारी काय होतं? हे कळलं असतं तर इश्तार की एरेश्किगल हा वाद कदाचित एका दिवसात मिटला असता. जुनी नाणी, मूर्ती शेतात सापडली की परस्पर विकू नये, असं आपण मुलांना सांगतो तेव्हा कारण म्हणून हे उदाहरण द्या.

आणि मातीचीच भिंत

मातीच्या देवी छोट्या फलकांवरच थांबल्या नाहीत. बाबिलोनवर पुढे कासाइट राजांचं राज्य आलं. त्यांच्यातल्या काराइंदाश या राजाने इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उरुक इथे इनान्नाचं देऊळ बांधलं. त्याच्या बाहेरच्या भिंतीत कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात आळीपाळीने एक देव, एक देवी, हातात पाण्याचा कलश धरून. या आकृती माणसाएवढ्या उंच, पण त्या कोरलेल्या नाहीत. प्रत्येक वीट वेगळ्या साच्यातून काढलेली. एका विटेवर चेहऱ्याचा भाग, एकीवर हात, एकीवर कलश. विटा रचत गेल्या की देवी उभी राहते. देवाच्या वस्त्रावर डोंगराची खवलेदार नक्षी आहे आणि देवीच्या वस्त्रावर पाण्याच्या लाटा. या भिंतीचा काही भाग आज बर्लिनमध्ये आहे.

याच तंत्राला चकचकीत निळी झिलई चढली आणि नेबुकॅड्नेझर दुसरा (इ.स.पू. ६०५ ते ५६२) याच्या काळात बाबिलोनचं इश्तार द्वार उभं राहिलं. रॉबर्ट कोल्डेवाय यांनी १८९९ ते १९१७ या काळात तिथे उत्खनन केलं, आणि सापडलेल्या विटांच्या तुकड्यांतून जुळवलेलं द्वार १९३० पासून बर्लिनच्या पेर्गामॉन संग्रहालयात आहे. मुलांना त्याचं चित्र दाखवून म्हणा, "देवी शोधा." ती सापडत नाही. द्वारावर बैल आहेत ते अदाद या पर्जन्यदेवाचे, आणि सापाच्या डोक्याचा विचित्र प्राणी आहे तो मर्दुकचा. द्वाराकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्याच्या दोन्ही भिंतींवर सिंहच सिंह, आणि ते इश्तारचे. देवीचं नाव दाराला आहे, तिचा प्राणी भिंतीवर आहे, ती स्वतः कुठेच नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी घराघरांतल्या फलकांवर चेहरा, पंख, हात सगळं दाखवणाऱ्या त्याच प्रदेशात, राजाच्या सगळ्यात देखण्या बांधकामावर फक्त खूण पुरेशी ठरली. याचं कारण मुलांनाच विचारा, उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

करून बघायला एक सोपा उपक्रम. शाडूची माती घ्या. वहीच्या पुठ्ठ्यावर दोरा, डाळ, काडी चिकटवून एक उठावाची आकृती करा, तेलाचा हात फिरवा, त्यावर माती दाबून साचा काढा आणि दोन दिवस नीट वाळू द्या. मग साच्याला आतून तेल लावून त्यातून पाच-सहा फलक काढा. पहिला आणि सहावा शेजारी ठेवले की झीज म्हणजे काय ते न सांगता कळतं. पट्टीने मोजलं तर वाळलेला फलक ओल्यापेक्षा किती मिलिमीटर लहान झाला तेही कळतं. चित्रांसाठी ब्रिटिश म्युझियम आणि लूव्र या दोन्ही संग्रहालयांची संकेतस्थळं मोफत बघता येतात. फक्त पडद्यावर सगळे फलक एकाच आकाराचे दिसतात, म्हणून आधी फळ्यावर दोन आयत आखून घ्या : एक ४९.५ बाय ३७ सेंटिमीटरचा आणि त्याच्या शेजारी बारा सेंटिमीटर उंचीचा. मोठा राणीचा आणि छोटा लामाचा.